गवत कापणारी गाडी आणि तिचं पातं

यंत्रं आपसांत बोलत असत त्या काळची ही गोष्ट. एका गावाच्या हॉकी मैदानावर गवत कापणारी एक लाल गाडी होती आणि ती हौसाताई चालवायची. गाडीला आपल्या वेगाचा फार अभिमान होता.

त्या दुपारी मुलींचा अंतिम सामना होता. मैदान नीट नसेल, तर तो शेजारच्या गावी जाणार होता. सकाळी दव वाळायच्या आतच गाडी सुसाट निघाली. थोड्या वेळानं पाहिलं, तर मागे ओल्या गवताचे गोळे पडले होते आणि अधूनमधून न कापलेले झुबके उभे होते.

"तुला कापता येत नाही," गाडी पोटाखालच्या पात्यावर चिडली.

"तू इतकी पळतेस, मी कुठंकुठं पोचणार?" पातं म्हणालं. "शिवाय माझी धार गेलीय. सांगायची लाज वाटली."

हौसाताईनं इंजिन बंद केलं, पातं काढून त्याला धार लावली आणि ऊन चढू दिलं. मग पातं जरा उंच बसवून, आधी कापलेल्या पट्ट्यावर थोडं चढत, तिनं गाडी सावकाश नेली. गाडीला पळावंसं वाटे, पण ती स्वतःला आवरी.

दुपारी पंचांनी चेंडू ढकलला. तो कुठंही न उसळता सरळ गेला. "सामना इथंच होईल," ते म्हणाले.

मुली मैदानात धावल्या. गाडी कडेला उभी राहून हिरव्या पट्ट्यांकडे पाहत राहिली.

"कुणी विचारलं तर सांग," ती पात्याला म्हणाली, "हे आपण कापलंय."