मथुरेची राखण

हात मागे घ्या. ते पपनस पिकलेलं आहे, हाताशी आहे, दगडांचा गडगाही कमरेएवढाच आहे, सगळं खरं. तरी घेऊ नका. हे मथुरेचं परडं. आमच्याकडे घरामागच्या बागेला परडं म्हणतात. इथली फळं माणूस खात नाही. ती कोंबड्यांची, खारींची, पोपटांची. बसा इथे माझ्या ओट्यावर, सरबत घ्या. कोंबड्या पायात येतील, त्यांना हाकलू नका. घर त्यांचंही आहे.

आज झाडी दिसते तिथे पूर्वी उघडा कातळ होता म्हणे. रावजी आणि भिवा असे दोघे भाऊ. वाटणीत थोरल्या रावजीने भाताची जमीन घेतली आणि धाकट्याला हा दगड दिला. भिवाने टोपली उचलली. तो आणि त्याची बायको मथुरा वहाळातली, म्हणजे ओढ्यातली, माती टोपल्यांनी डोक्यावरून वाहत राहिली. सुरुंग नव्हते तेव्हा, पहारीने खड्डे मारले. पपनस, जाम, रामफळ, फणस, सगळं त्यांच्या हातचं. मथुरेच्या कोंबड्या दिवसभर झाडांच्या बुंध्याशी उकरत, किडे टिपत, आणि त्यांच्याच खताने झाडं वर आली. उंदरांसाठी धामण होती, तिला कोणी काठी दाखवत नसे. पाखरांसाठी करवंटीत पाणी असे. त्या घरात शेवंती नावाची एकच लेक, आणि तीही पिल्लांच्या मागे धावत त्या झाडांबरोबरच वाढली.

पपनसाला पहिली फुलं आली त्या वर्षी भिवा तापाने गेला. झाडाचं फळ त्याने चाखलंच नाही.

तेरावं झालं आणि रावजीला आठवलं की कातळ घराण्याचा आहे. भावाला मुलगा नाही, मग परडं बाईच्या हाती कसं राहणार, असं तो चारचौघांत बोलू लागला. दगड देताना घराणं आठवलं नव्हतं त्याला, फळं दिसल्यावर आठवलं. मथुरा गावकऱ्यांकडे गेली. गावकऱ्यांनी नेहमीचं केलं, न्याय देवावर ढकलला.

तो बघा, फणसाखाली पाषाण आहे ना, तो आमचा राखणदार. वर्षातून एकदा त्याला कोंबडा द्यायचा, त्याने जागेची राखण करायची, हा रिवाज त्याही आधीचा. जो राखण देतो तो जागेचा मालक. गावाने ठरवलं की यंदाची राखण स्वतःच्या कोंबड्याने ज्याच्या हातून आधी होईल, परडं त्याचं.

मथुरेला भीती वाटली नाही. तिच्याकडे तांबडा होता. तुरा एका बाजूला पडलेला, मोठा रुबाबदार कोंबडा, तिने पिल्लू असल्यापासून हातावर दाणे देऊन वाढवलेला. रावजीच्या घरी कोंबडीचं पीससुद्धा नव्हतं. परडं आपल्या शेवंतीचंच राहणार, अशी तिची खात्री होती.

राखणीच्या सकाळी तांबड्याला बांबूच्या डालग्याखाली झाकून ती वहाळावर अंघोळीला गेली. ओलेत्याने राखण द्यायची असते. परत आली तर डालगं उलथून पडलं होतं आणि पाषाणापाशी रक्त होतं. रावजीने तिच्या दारातला कोंबडा उचलून, स्वतःचा म्हणून, देवाला दिला होता. आडवा तुरा बघून कोंबडा कोणाचा हे सगळ्या गावाने ओळखलं होतं, असं सांगतात. तो कोणाच्या अंगणात नाचला नव्हता? पण चुलीवर त्याच्याच मांसाची सागोती शिजत होती, वड्यांचा वास सुटला होता. कोणी म्हणालं, कोंबडे काय, सारखेच दिसतात. कोणी म्हणालं, आता देवाला पोचला, बोलून काय उपयोग. पानं मांडली आणि गाव जेवायला बसलं.

मथुरा रडली नाही. पाषाणापाशी पडलेली तांबडी पिसं तिने वेचली आणि सगळ्यांचे घास तोंडात जाईपर्यंत थांबली. मग म्हणाली, माझं गाऱ्हाणं घालायचं आहे. राखणदारापुढे कोणाचं गाऱ्हाणं अडवता येत नाही, ते रावजीलाही जमलं नाही. ती पिसं हातात धरून तिने गाऱ्हाणं घातलं.

"बा राखणदारा म्हाराजा, ह्यो कोंबडो माझो. माझ्या हातचे दाणे खाऊन वाढलो. तो तुका पावलो, म्हणजे राखण माझी पावली. आता माझ्यासाठी राखण कर. ह्या परड्यातला एक फळ माणसाच्या तोंडाक लागाक नाय व्हया."

आता आमच्याकडची खोड तुम्हाला ठाऊक नसेल. गाऱ्हाणं संपलं की हजर असलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. पाळण्यातून उतरल्यापासून ती सवय. अर्थ डोक्यात शिरायच्या आधी तोंड उघडतं. भरल्या तोंडाने सगळं गाव म्हणालं, "व्हय म्हाराजा." रावजीही म्हणाला. मग घास तसाच ठेवून सगळे एकमेकांकडे बघू लागले. पण मागणं गावाच्या साक्षीने देवाकडे पोचलं होतं, तांबड्यासारखंच.

मथुरा लेकीला घेऊन गडग्याबाहेर आली आणि इथे, या ओट्याच्या जागी, झोपडी बांधून राहिली. दुसऱ्याच दिवशी तिच्या कोंबड्या गडगा ओलांडून तिच्यामागे आल्या.

पुढच्या मोसमात झाडं लगडली. रावजीने फणस फोडला, तर आत मुंग्या. जाम पोपटांनी नेले, रामफळं वटवाघळांनी, उरलेलं वानरांनी. त्याने राखणीला माणसं ठेवली, तर धामणीला पाहून ती पळाली. विकत आणलेल्या कोंबड्या संध्याकाळी मथुरेच्या झोपडीवर जाऊन बसत. गोफण घेऊन तो स्वतः झाडाखाली बसू लागला. तोंडाजवळ फोड नेली की ती हातातून निसटून मातीत पडे. मथुरा दारात बसून तांदूळ निवडत हे सगळं बघत असे. बघायला मिळावं म्हणूनच तिने झोपडीचं दार परड्याकडे ठेवलं होतं म्हणे. माझं दारही तिकडेच आहे.

बरीच वर्षं गेली. शेवंतीचं लग्न झालं, ती पहिलटकरीण माहेरी आली आणि तिला डोहाळे लागले. कशाचे? बापाने लावलेल्या त्या पपनसाचे. दुसरं काही पोटात ठरेना, पोर वाळत चालली. रावजीला हे कळलं. थकला होता तोही. पिकलेलं पपनस दोन्ही हातांत धरून तो मथुरेच्या दाराशी आला. तिने पाषाणापुढे नवा कोंबडा द्यावा, शब्द मागे घ्यावा, म्हणजे पोरीला फळ खाता येईल, असं त्याने विनवलं. पोरीचं नाव पुढे केलं, पण सुटायचं होतं त्यालाच. मथुरेला ते दिसत होतं. शेवंती दाराला धरून फळाकडे बघत होती, तेही दिसत होतं. अंगणात कोंबडे होते. एक उचलायचा अवकाश होता.

मथुरा म्हणाली, "भावजी, माझो तांबडो जित्तो करा. मगे मियां शब्द परत घेतंय."

तिने त्याच्या हातातलं पपनस घेतलं, सोललं, आणि एकेक फोड लेकीच्या डोळ्यांदेखत कोंबड्यांपुढे टाकली. मग शेवंतीला जवळ घेऊन म्हणाली, "दुसरा काय व्हया ता माग गो बाय. ह्या नाय."

शेवंती वाचली, मूलही झालं, पण ती पुन्हा माहेरी आली नाही. मथुरा गेली तेव्हाच आली. रावजी त्याआधीच गेला होता, झाडाखालीच, गोफण हातात धरून. काहीजण मथुरेला दगडाच्या काळजाची म्हणतात. म्हणोत. सागोती खाल्लेल्यांचीच नातवंडं ती.

तेव्हापासून आमच्या गावात राखणीचा कोंबडा विकत आणत नाहीत, घरीच वाढवतात. सुरीला हात लावण्याआधी मानकरी विचारतो, "कोंबडो कोणी वाढवलो?" घरातली बाई पुढे येऊन म्हणते, "मियां वाढवलंय." ते ऐकल्याशिवाय एकही तोंड 'व्हय म्हाराजा' म्हणत नाही.

मी शेवंतीच्या वंशातली. माझं सासर याच गावात, म्हणून हा ओटा माझ्याकडे आला. पाचही गरोदरपणांत मला या पपनसाचे डोहाळे लागले, आईलाही लागले होते. आजही ते गोड की आंबट हे मला माहीत नाही. आता मरेपर्यंत कळणारही नाही. पण पलीकडे रावजीच्या वंशातले राहतात ना, त्यांनाही माहीत नाही. आणि खरं सांगू, तेवढ्यावर माझं पोट भरतं.