हाकेला येणारा गांधार

“ऐकू कमी येतं का हो तिला?”

सासूबाई आबांना विचारत होत्या. आवाज त्यांनी अगदी खाली घेतला होता. इतका खाली, की स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवणाऱ्या सुनेला अक्षर न् अक्षर स्वच्छ ऐकू आलं.

“सकाळपासून हाका मारतेय. मधुवंती, अगं मधुवंती... पाठमोरी उभी. ढिम्म हलत नाही. सोमवारी कानाच्या डॉक्टरांकडे नेऊन आणू का?”

“लाजत असेल.”

“लाजणारं माणूस उशिरा वळतं. ही वळतच नाही. मी बाई नवी होते तेव्हा शेजारणीला मारलेल्या हाकेलाही वळायचे.”

आबा तंबोरा जुळवत होते. त्यांनी खुंटी पिळली.

सुनेनं आधणात साखर घातली. पंचमाची तार अजून किंचित उतरलेली आहे, हे तिला तिथून कळत होतं. कान शाबूत होते. बिघाड असलाच तर तो मानेत होता.

मिरजेच्या त्या गवयाच्या घरात सुनेला रागाचं नाव द्यायची रीत होती. सासूबाई लग्न होऊन आल्या आणि त्याच दिवशी कलावती झाल्या. ते नाव आबांच्या वडिलांनी निवडलं होतं. हिचं नाव आबांनी निवडलं, नवऱ्यानं अंगठीनं ते ताटातल्या तांदळात लिहिलं, सगळ्यांनी वाकून वाचलं आणि पेढे वाटले. वाईट काहीच नव्हतं. नाव गोड होतं, पेढेही गोड होते.

फक्त मान वळत नव्हती.

एकदा तिनं खोलीचं दार लावून आरशासमोर प्रयत्न करून पाहिला होता. “मधुवंती,” ती हळूच म्हणाली. आरशातलीनंसुद्धा ओ दिली नाही.

नवरा तिला “अगं” म्हणायचा. त्या हाकेला ती बरोबर वळायची. पण नवरा दिवसभर बँकेत असायचा.

चहा उकळला तेव्हा फाटकाची कडी वाजली. यशोधन आला होता. आबांचा सगळ्यांत हुशार शिष्य, आणि ही गोष्ट सगळ्यांत आधी त्याला स्वतःला ठाऊक होती. पुण्याला असायचा. खांद्यावरून त्यानं एक बाजाची पेटी उतरवली, ती लहान मूल उतरवावं तशी.

ती चहा घेऊन गेली. परत फिरली तसे आबा म्हणाले, “बस गं, ऐक.”

ती दाराशी बसली.

“आबा, नेहमीच्या पेटीत सप्तकाला बारा सूर,” यशोधन म्हणाला. “हिच्यात बावीस. बावीसच्या बावीस श्रुती. मी लावून घेतल्यात.”

“बरं.”

“सगळ्यांची मांडणी करत करत मला एक नवा थाट मिळालाय. त्याच्यातला गांधार बघा. कोमलच्या वर, शुद्धच्या खाली. मधल्या फटीत.”

त्यानं पट्टी दाबली. सूर निघाला.

दाराशी बसलेल्या सुनेनं मान किंचित कलती केली. सा रे ग मधला ग तिच्या ओळखीचा होता. हा त्याचा कुणीतरी लांबचा भाऊ वाटत होता, लग्नात कोपऱ्यात उभा राहतो तसा.

“छान आहे,” आबा म्हणाले.

“उद्या पुण्यात परिषद आहे. तिथं मी हा थाट मांडणार. गांधाराचं नाव ठरवलंय. यशोगांधार. तुमचा होकार पाहिजे फक्त.”

“यशोगांधार.”

“माझ्या नावामुळे नाही हं, आबा.”

“छे. तसं कुणाच्या मनात येईल?”

यशोधनचा चेहरा जरा लाल झाला. सून चहाच्या ट्रेवरची फुलं मोजू लागली.

“उद्या जाहीर झालं की झालं,” यशोधन म्हणाला. “मग तो सूर जगाला त्याच नावानं कळेल. नाहीतर दुसरा कुणी तरी नाव देऊन मोकळा होईल. तुम्ही नाही म्हणालात तर मी मांडणार नाही. पण नाही म्हणू नका.”

आबांनी खांद्यावरची शाल काढली आणि पेटीवर पांघरली.

“आता हाक मार त्याला.”

“म्हणजे?”

“डोळे मीट. नाव घे आणि तो सूर लाव. एकदम. शोधत जायचं नाही.”

यशोधननं डोळे मिटले. “यशोगांधार,” तो म्हणाला आणि त्यानं सूर लावला. गळा सुरेख होता त्याचा. आबांनी शालीखाली हात घालून तीच पट्टी दाबली.

दोन सूर शेजारी उभे राहिले. एकमेकांकडे न बघता.

“जरा खाली राहिला,” यशोधन म्हणाला. “पुन्हा घेतो.”

पुन्हा घेतला. या वेळी वर गेला.

तिसऱ्यांदा सरळ शुद्ध गांधारावर जाऊन बसला, आपल्या जुन्या घरी गेल्यासारखा.

“नाव त्याचंच आहे ना?” आबांनी विचारलं.

“हो.”

“मग येत का नाही?”

“सवय नाही अजून.”

“कुणाला?”

यशोधननं चहाचा घोट घेतला. चहा निवला होता, तरी त्यानं फुंकर मारली.

आबा तंबोरा छेडत होते. मग त्यांनी मध्येच एक जुनी चीज गुणगुणायला घेतली. मान खाली, आवाज अर्धा. गात गात एका जागी ते हलकेच उतरले, क्षणभर टेकले, पुढे गेले.

यशोधन ताठ झाला. शाल बाजूला सारून त्यानं पट्टी दाबली.

तोच सूर होता. केसभरही इकडेतिकडे नाही.

“हा तुमच्याकडे होता?”

“येतो कधी कधी.”

“मग तुम्ही याला काय म्हणता?”

“काही नाही. आला की बस म्हणतो.”

“पण आबा, नाव तर पाहिजेच ना? नाव नसलेल्या सुराला शिकवायचं कसं? पुढच्यांना सांगायचं काय?”

“पाहिजे की.”

“मग?”

“तुला कसं कळलं, त्याला नाव नाही ते?”

यशोधन हसला, पण पुरतं हसला नाही. “सुराला कसं विचारणार, आबा?”

तंबोऱ्याच्या तारा चालू होत्या.

दाराशी बसलेल्या सुनेनं आबांचा ‘तुला कसं कळलं’ हा प्रश्न मनात दोनदा म्हणून पाहिला. चांगला होता. कुठं तरी वापरावा असा होता.

तेवढ्यात आतून सासूबाई आल्या. पदराला हात पुसत दारात उभ्या राहिल्या, सुनेच्या अगदी मागे.

“मधुवंती, कपबश्या उचल गं.”

सून ट्रे मांडीवर घेऊन समोर बघत बसली होती. तिच्या मनात अजून तो गांधार होता.

“मधुवंती.”

यशोधननं वर पाहिलं. आबांनी वर पाहिलं.

सासूबाईंनी आबांना खूण केली. एक बोट कानापाशी नेलं आणि भुवया उंचावल्या. बघा, म्हटलं नव्हतं का?

आबांची नजर सुनेवर होती. मग ती शालीवर गेली. मग यशोधनवर. परत सुनेवर आली आणि तिथंच राहिली.

त्यांनी तळहात तंबोऱ्याच्या तारांवर ठेवला.

त्या घरात इतकी शांतता सुनेनं लग्न झाल्यापासून ऐकली नव्हती. तिनं दचकून मान वर केली, तर सगळे तिच्याकडेच बघत होते.

“सूनबाई,” आबा म्हणाले, “तुला ऐकू येतं ना?”

“येतं, आबा.”

“मघाशी ही काय म्हणत होती, तेही?”

“सोमवारचं? हो.”

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. “अगं बाई... मी आपलं काळजीनं...”

“हो, आई. काळजीचंच होतं ते.”

यशोधन पेटीच्या भात्याची कडी उगाच सोडत-लावत बसला. कुणाच्या घरातलं कुणी बघू नये असं काही आपण बघतोय, असं त्याला वाटत असावं. पण उठून जाणंही बरं दिसलं नसतं.

“मग हाक मारली की वळत का नाहीस?” आबांनी विचारलं. रागानं नाही. ज्या आवाजात त्यांनी मघाशी यशोधनला विचारलं होतं, त्याच आवाजात.

सांगण्यासारखं बरंच होतं. आरशाचं सांगता आलं असतं. तांदळात नाव उमटत होतं तेव्हा तिला वाटलं होतं, की ते शेजारी बसलेल्या कुणाचं तरी आहे, तेही सांगता आलं असतं. माहेरी पाठवणीच्या वेळी आईनं जुन्या नावानं हाक मारली आणि मग जीभ चावली, ते तर नक्कीच. आणि आबांचाच मघाचा प्रश्न उचलून त्यांच्यापुढं ठेवला असता, तर तोही चपखल बसला असता.

पण नव्या सुनेनं एवढं कशाला बोलायचं?

ती उठली. कपबश्या तिनं एकेक करून ट्रेमध्ये गोळा केल्या. यशोधनचा कप अर्धा भरलेला होता, तो सांडू नये म्हणून मध्ये ठेवला. दारात सासूबाईंपाशी पोचली आणि थांबली. मग मागे वळली. कुणी हाक मारलेली नसताना, आपणहून.

“दादांचा गांधार हाकेला यायला लागला, की मीही येईन, आबा,” ती म्हणाली. “तोवर हेमांगी म्हणून बघा.”