हैबतबाबांचा खोकला

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा जनावरं बोलत असत आणि माणसं ऐकून घेत असत. आता दोन्ही बंद पडलंय, त्याला माझा इलाज नाही.

एका राजाच्या हत्तीखान्यात हैबतबाबा नावाचे म्हातारे माहूत होते. चंद्रकळा ही तिथली मानाची हत्तीण. उत्सवात राणीसाहेबांची अंबारी निघायची ती तिच्याच पाठीवर. ती पिल्लू असताना बाबांनी तिला स्वतःच्या हाताने ऊस भरवला होता, आणि बाबांशिवाय ती कुणालाही जुमानत नसे.

पण बाबांचे गुडघे आता कुरकुरायला लागले होते. तिच्या मानेवर चढायचं म्हणजे खालून दोघांना ढकलावं लागे. शेवटी राजाने सांगितलं की बाबा, तुमच्या जागी बसणारा माणूस तुम्हीच निवडा आणि तुम्हीच तयार करा.

बाबांनी निवडलं रायाजीला. रायाजी हत्तीखान्यात चारा कापायचा. त्याच्या बापानेही जन्मभर तेच केलं होतं, आज्यानेही तेच. त्यांच्या घरातला कुणी हत्तीच्या पायांपलीकडे पोहोचलाच नव्हता. आता पोरगा मानेवर बसणार म्हणून आईने गावभर गूळ वाटला. जुन्या माहुतांनी मात्र नाकं मुरडली.

बाबांनी मनापासून शिकवलं. काही म्हणजे काही हातचं राखलं नाही. पण त्यांचा जीव जेवढा मोठा, तेवढा धीर नव्हता. रायाजीने 'बैस' म्हटलं आणि चंद्रकळा बसली नाही, की आजूबाजूचे हसणार, या विचारानेच बाबांचं काळीज लकलक करी. मग ते मागे उभे राहून हळूच खाकरत. बाबांचं ते खाकरणं चंद्रकळेला पिल्लूपणापासून ठाऊक होतं. ऐकलं की ती लगेच खाली बसे.

रायाजी 'बैस' म्हणे, बाबा खाकरत, हत्तीण बसे. लोक म्हणत, वा रायाजी! रायाजीलाही वाटे, वा आपण! बिचाऱ्याला मागच्या खाकरण्याचा पत्ताच नव्हता. म्हाताऱ्या माणसाचा घसा, खाकरायचाच.

उत्सव आला. रायाजी चंद्रकळेच्या मानेवर, मागे अंबारीत राणीसाहेब, आणि पोराला गरज पडली तर असावं म्हणून बाबा पायी बाजूने चाललेले. चौकात गुलालाची उधळण झाली. मूठभर गुलाल बाबांच्या नाकातोंडात गेला आणि त्यांना खोकल्याची उबळ आली.

चंद्रकळा भर चौकात खाली बसली. अंबारी कलंडली, राणीसाहेब झुलीवरून घसरत थेट सोंडेपाशी आल्या. हसू नका, राणीसाहेबांचा हात मुरगळला होता. रायाजी 'ऊठ, ऊठ' म्हणून घसा फोडत होता आणि बाबा खोकत होते. खोकला थांबला तेव्हाच हत्तीण उठली.

दरबारात सगळे रायाजीवर तुटून पडले. चारा कापणाऱ्याला मानेवर बसवलं की हेच व्हायचं, असं जुने माहूत म्हणाले. रायाजी खाली मान घालून उभा होता. तेव्हा बाबा पुढे आले.

"महाराज, चूक माझी आहे. मी याला हत्तीण दिली, पण हुकूम माझ्याजवळच ठेवला." आणि त्यांनी खाकरण्याची सगळी हकीकत सांगितली.

राजा रागावला, पण न्यायी होता. त्याने पुढच्या उत्सवापर्यंत मुदत दिली. चंद्रकळा पुन्हा अशी बसली, तर दोघांनाही हत्तीखान्याबाहेर जावं लागेल, असं बजावलं. बाबांना हत्तीखान्याशिवाय दुसरं घर नव्हतं.

बाहेर आल्यावर रायाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबा, लोक हसले असते तर हसले असते. तुम्ही मला पडू द्यायला हवं होतं."

बाबांना ते फार लागलं. ते चंद्रकळेकडे गेले आणि तिच्यावरच चिडले, की एवढा जीव लावतो तो पोरगा, त्याचं तू ऐकत का नाहीस?

चंद्रकळा म्हणाली, "अंकुश त्याच्या हातात, शब्द तुझ्या घशात. मी ऐकू तरी कुणाचं? तू गप्प बस, मग मी त्याचं ऐकायला लागेन."

दुसऱ्या दिवशी बाबांनी आपली वळकटी उचलली आणि नदीपलीकडे एका चिंचेखाली झोपडी बांधली. तिथून त्यांचा आवाज हत्तीखान्यात पोहोचत नसे. पण चंद्रकळेचं ओरडणं पलीकडे स्पष्ट ऐकू येई, आणि सुरुवातीला ती फार ओरडली. बाबा कानांवर हात दाबून बसत. जावं आणि एकदा तिच्या सोंडेवरून हात फिरवावा, असं त्यांना रोज वाटे. ते गेले नाहीत.

इकडे रायाजीचे हाल कुत्रा खाईना. चंद्रकळेने त्याला डबक्यात टाकलं, उकिरड्यावर टाकलं, एकदा तर सरळ स्वयंपाकघराच्या छपरावर ठेवून दिलं. सगळा हत्तीखाना हसला. संध्याकाळी रायाजी नदी ओलांडून बाबांकडे जाई आणि घडलेलं सांगे. बाबा लगेच उत्तर देत नसत. आधी विचारत, "मग तू काय केलंस? तिने कान कसे धरले होते?" कधी आपल्या तरुणपणी हत्तीने आपल्याला कसं चिखलात लोळवलं होतं, ते सांगत. रायाजी हसत हसत परत जाई आणि सकाळी पुन्हा चढे.

बाबा अधूनमधून दरबारातही जात. तिथे रायाजी नसे, पण बाबा त्याच्याबद्दलच बोलत. पोरगा पडतोय, पण शिकतोय, माझा शब्द घ्या, असं सांगत.

पुन्हा उत्सव आला. बाबांना घरी राहवेना. ते गर्दीत मागे उभे राहिले. चौकात गुलाल उधळला आणि बाबांचा घसा खवखवला. त्यांनी उपरण्याचा बोळा तोंडात कोंबला. चेहरा लालबुंद झाला, डोळ्यांतून धारा लागल्या, पण आवाज फुटू दिला नाही.

चंद्रकळा मात्र थबकली. तिला त्यांचा वास आला होता. गर्दीतून सोंड लांब करून तिने बाबांच्या खांद्याला लावली. मागच्या वर्षीची आठवण होऊन लोक मागे सरकले. रायाजीने वरून बाबांना पाहिलं. आता काय करू, असं त्याने नजरेनेही विचारलं नाही. तो वाकून हत्तिणीच्या कानाशी शांतपणे म्हणाला, "चल बाई. बाबा घरी भेटतील."

चंद्रकळा क्षणभर उभी राहिली. मग तिने सोंड काढून घेतली आणि चालू लागली.

बाबांनी तोंडातला बोळा काढला आणि पोटभर खोकले. चांगलं चौकभर ऐकू जाईल असं खोकले. चंद्रकळेने मागे वळूनही पाहिलं नाही. म्हातारा रडत होता आणि हसतही होता.

रायाजी पुढे हत्तीखान्याचा मुख्य माहूत झाला. बाबा परत आले आणि चंद्रकळेला रोज ऊस भरवू लागले, पण हुकूम कधी दिला नाही. बऱ्याच वर्षांनी रायाजीनेही एका नवख्याला हाताशी धरलं. सगळं शिकवून झाल्यावर त्याने कुणी न सांगता आपली वळकटी उचलली आणि तो नदीपलीकडच्या चिंचेखाली जाऊन राहिला.

तुम्ही कुणाला शिकवत असाल किंवा कुणाकडून शिकत असाल, तर एवढी खूणगाठ बांधा: खरा गुरू सगळं देतो, आणि शेवटी आपला आवाज आवरून शिष्याला त्याचा आवाजही देतो.