कपिंजलाचं बोट

पूर्वी वेत्रवती नदीच्या काठी, विशाखपुरात, दंडकेतू राजाचा दरारा जोरात असताना बोधिसत्त्व एका घटिकापालाच्या घरी जन्मला. नाव सोमिल. घटिकापालाचं काम ऐकायला सोपं. वेशीवरच्या माडीत पाण्याने भरलेलं मोठं घंगाळ, त्यात तरंगणारी तांब्याची वाटी, वाटीच्या बुडाला केसाएवढं भोक. भोकातून पाणी चढतं, वाटी भरते, बुडते, की झाली एक घटका. मग टांगलेल्या काशाच्या जाड थाळीवर, म्हणजे तासावर, टोला हाणायचा, वाटी रिकामी करायची, पुन्हा सोडायची. त्या टोल्यावर सगळं नगर उठायचं, जेवायचं, भांडायचं आणि झोपायचं.

सोमिलाच्या जोडीला दुसरा घटिकापाल होता, कपिंजल. दोघं आळीपाळीने बसत. वाटी तीच, घंगाळ तेच, राजा तोच. राजाचा रागही दोघांना सारखाच वाटून दिलेला: टोला चुकला तर तास गळ्यात बांधून नगराबाहेर. तरी सोमिल लोण्याच्या गोळ्यासारखा, आणि कपिंजल वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखा. त्याला घास गिळवत नसे, गिळला तर पचत नसे, आणि छातीत कोणी मुसळ चालवल्यासारखं धडधडत असे.

"अहो," त्याची बायको उत्पला म्हणायची, "तुम्ही आणि सोमिलभावोजी एकाच पाण्यात बघता ना? मग त्यांचं पोट पुढे आणि तुमचं पाठीला कसं?"

"सोमिलाला काळीज नाही."

"नसेल बाई. पण जेवतात तरी!"

वैद्याने हिरडा दिला. उत्पलेने यक्षाला नवस केला. शेजारीपाजारी सांगून गेले, "काळजी करू नकोस." हे औषध त्या नगरात फुकट मिळायचं आणि घरोघरी भरपूर शिल्लक असायचं. कपिंजलाने तेही घेऊन पाहिलं. तेव्हापासून आपण काळजी करतो, याचीही त्याला काळजी लागली.

त्यात भर अशी, की त्याच्या पाळीत घटका लवकर भरू लागली. गुरं अर्धपोटी परत येऊ लागली, भाकऱ्या कच्च्या उतरू लागल्या. नगरातले सासरे म्हणू लागले, "जावई यावा तर कपिंजलाच्या पाळीत. लवकर जातो." कपिंजलाने वाटी चिंचेने घासली, भोकात केस घालून पाहिला, पाणी फडक्याने गाळलं. दोष काही सापडेना. तो जितका डोळे फाडून बघे, तितकी वाटी लवकर बुडे.

अशात राजकन्येचं लग्न निघालं. पुरोहिताने मुहूर्त काढला तो नेमका कपिंजलाच्या पाळीत. पाळी बदलणं अशुभ, अशी घटिकापालांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. राजाने सोमिलाला एकट्याला बोलावलं. राजा नुसता बोलला तरी त्याच्या कपाळाची शीर दोरीसारखी फुगत असे.

"तुझा जोडीदार खुळा झालाय म्हणतात. तू तसं सांग, म्हणजे त्याला आजच हाकलतो. त्याचं वतन तुला. वर नदीकाठची आमराई."

आमराई चांगली होती. सोमिलाला आंबे आवडतही होते. पण तो म्हणाला, "महाराज, मुहूर्त चुकला तर दोन तास करवून घ्या. एक त्याच्या गळ्यात, एक माझ्या."

"म्हणजे तूही खुळाच!" राजा ओरडला. "ठीक आहे. चुकलं तर दोघंही चालते व्हा."

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी सोमिल माडीवर येऊन बसला. वाटीकडे त्याने पाहिलंच नाही. तो कपिंजलाकडे बघत राहिला. कपिंजल घंगाळावर वाकलेला. कपाळाचा घाम टपटप वाटीत. आणि वाटी अर्ध्याच्या वर भरली, की त्याचं बोट आपोआप तिच्या काठावर जायचं, झोपलेल्या पोराला श्वास चालू आहे ना म्हणून चाचपावं तसं. तेवढ्या भाराने काठ कलायचा, घोटभर पाणी आत शिरायचं, वाटी डुबुक!

"सापडलं," सोमिल म्हणाला.

"काय? भोक मोठं झालं?"

"तुझं बोट."

कपिंजलाने बोटाकडे पाहिलं, जणू ते दुसऱ्या कोणाचं होतं. मग तो मटकन खाली बसला. "म्हणजे टोला चुकेल या भीतीनेच मी टोला चुकवत होतो? सोमिला, मला आत्ताच जाऊ दे. उद्या हे बोट तोडलं तरी कोपर पुढे जाईल."

"जाईल," सोमिल म्हणाला. "तुझा स्वभाव आहे तो, अंगरखा नव्हे काढून ठेवायला. पण एक सांग. माझ्या पाळीआधी भोकातला गाळ कोण काढतो?"

"मीच. तू काढतोस थोडाच!"

"पाणी कोण गाळतं?"

"मीच."

"मग मी डुलत बसतो ते कोणाच्या जिवावर? तू सगळं आधीच बघून ठेवतोस, म्हणून मला झोप येते रे. तुझी काळजी वाईट नाही. तिला फक्त काम नाही. म्हणून ती वाटीला ढोसते, आणि वाटी नसली की तुझ्या पोटाला."

हे कपिंजलाला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. सगळे त्याला दुसरा कोणीतरी व्हायला सांगत आले होते. त्याने बऱ्याच दिवसांनी छाती भरून श्वास घेतला.

दुसऱ्या दिवशी सोमिलाने लग्नघरातून अक्षतांच्या तांदळाची परात आणवली. अक्षतांत तुटका दाणा चालत नाही, आणि तुटका दाणा शोधायला भित्र्या माणसासारखा डोळा नाही. कपिंजल घंगाळाकडे पाठ करून बसला. हात तांदळात, कान पाण्याकडे. पहिल्यांदा बोट दोनदा वळवळलं. मग त्याला एक तुटका दाणा सापडला, मग दुसरा, आणि बोट कामाला लागलं.

खाली वेशीपाशीच्या मांडवात सनया सुरू झाल्या. नवरानवरीत अंतरपाट धरला गेला. तेवढ्यात जिन्यावर धाडधाड पावलं वाजली आणि राजा स्वतः वर आला. शीर फुगलेली, तोंड लाल.

"अजून बुडत नाही? काय झोपलात काय!" असं म्हणत तो घंगाळावर वाकला आणि त्याने वाटीकडे बोट नेलं.

"हात मागे घ्या!"

ओरडला कोण, हे कळायला खुद्द ओरडणाऱ्यालाही वेळ लागला. तो कपिंजल होता. आवाज खणखणीत होता. "महाराज, या बोटापायी माझी निम्मी तब्येत गेलीय. ती वाटी ढोसून चालत नाही. ढोसली की चुकते."

राजा वळला. कपाळाची शीर टणकन उडाली. कपिंजलाला वाटलं, आता गळ्यात तास बांधायचीही तसदी नको, गळाच जाईल. सोमिल शांतपणे पुढे झाला आणि त्याने निम्मा तांदूळ एका सुपात घालून राजासमोर धरला.

"महाराज, लेकीच्या अक्षता आहेत. तुटका दाणा राहायला नको."

लेकीचं नाव निघालं म्हणून असेल, राजा खाली बसला. जन्मात त्याने तांदूळ निवडला नव्हता. चांगले दाणे फेकून तुटके ठेवू लागला, तशी कपिंजलाने त्याच्या हातून सूप ओढलं. "अहो, उलटं करताय!" राजाने मुकाट्याने ऐकलं. हळूहळू शीर निवळली. माडीवर फक्त तांदळाची सळसळ उरली.

मग डुबुक.

कपिंजल उठला, त्याने टोला हाणला. खाली वेळ पडताळायला उन्हात रोवलेल्या शंकूपाशी, म्हणजे सावलीच्या खुंटापाशी, उभा असलेला पुरोहित ओरडला, "शंकूची सावली बरोबर रेघेवर!" अंतरपाट सरकला, आणि माडीवरून निवडलेल्या अक्षता पडल्या.

राजाने पुन्हा आमराई देऊ केली. सोमिलाने त्याऐवजी एवढंच मागितलं, की घंगाळाजवळ कायम एक परात तांदूळ असावा, आणि टोला चुकला म्हणून कोणाच्या गळ्यात तास बांधू नये. राजाने दोन्ही दिलं, आणि कपाळ दुखलं की तो स्वतःही माडीवर येऊ लागला. कपिंजल त्या दिवशी पंगतीत बसला आणि जेवला. उत्पलेने दहीभात वाढला, पुन्हा वाढला, मग पदराने डोळे पुसत पातेलंच पुढे ठेवलं.

ही कथा तथागतांनी विहारात एका भिक्षूसाठी सांगितली. ध्यान लागलं का, हे तो क्षणाक्षणाला डोळा उघडून बघे, आणि त्या धास्तीने त्याचं अन्न सुटलं होतं. "तेव्हाचा कपिंजल," तथागत त्याला म्हणाले, "तो तूच. संतापी राजा म्हणजे आज विहाराला धान्य देणारा आणि सेवकांवर ओरडणारा तो सावकार. उत्पला म्हणजे तुझं पात्र रोज भरलेलं परत येतं म्हणून हळहळणारी ती उपासिका. आणि सोमिल मी होतो."

भिक्षू लाजला. उठला, आणि कोणी न सांगता उपासिकेच्या तांदळाचं सूप मांडीवर घेऊन दाणे निवडत बसला. दुपारी त्याचं पात्र रिकामं परतलं. शांत मन स्वतःपुरतं न ठेवता शेजाऱ्याला त्यात जागा करून द्यावी, या गुणाला समचित्तता म्हणतात, आणि बोधिसत्त्वाने तो त्या जन्मी पूर्णत्वाला नेला.