उद्घाटनाचा नारळ

फार पूर्वी एका डोंगरावर माकडाची, उंदराची आणि सुतारपक्ष्याची अशा तीन शाळा शेजारीशेजारी होत्या. आपापलं कसब तिन्ही शाळांच्या पोरांना शिकवायचं, असं तिघा हेडमास्तरांनी ठरवलं. या एकत्र वर्गाच्या उद्घाटनाला नारळ आणला आणि तिथंच घोडं अडलं.

"वयानं मोठा मी. मीच फोडणार," माकडसर म्हणाले.

"पण कल्पना माझी!" उंदीरसर किंचाळले.

"आणि नारळ ज्या झाडाचा, ते झाड कुणाचं?" सुतारपक्षीसरांनी ठणकावलं.

भांडण मिटेपर्यंत वर्ग बंद! कंटाळलेल्या पोरांनी नारळ पळवला. उंदराच्या पोरानं तो सोलला, सुतारपक्ष्याच्या पोरीनं भोक पाडून पाणी काढलं आणि माकडाच्या पोरानं दगडावर आपटून फोडला.

"कुणाच्या शाळेची ही कार्टी?" तिघे सर एकदम गरजले.

पोरांचे गाल खोबऱ्यानं फुगले होते.

"आपल्याच शाळेची, सर. घ्या, प्रसाद घ्या."