जिभेला चालेल अशी पाटी

फार पूर्वी दंतपूर नगरावर दीपसेन राजाची सत्ता होती, तेव्हा बोधिसत्त्व तिथल्या पाटीकरांच्या गल्लीत एका सुताराच्या घरी जन्मले होते. त्या जन्मी त्यांचे नाव सुदंत. गल्लीतल्या चाळीस घरांचे ते मुख्य कारागीर होते.

त्यांच्या घराण्याची निरोपपाटी एके काळी साऱ्या कलिंग देशात चाले. तळहाताएवढी, काळीभोर, कडेला अंगठ्यासाठी खाच. माणूस चालता चालता तिच्यावर चार शब्द लिही, निरोप्या ती पळत नेई आणि उत्तर घेऊन येई. व्यापारी ती कमरेला बांधल्याशिवाय घराबाहेर पडत नसत. मग हेमगुप्त नावाच्या कारागिराने मांडीवर मावेल असा मोठा फलक बाजारात आणला. पिवळाधमक आणि आरशासारखा चकचकीत. त्याच्यावर वाचता येई, चित्रे काढता येत. लोक जेवतानाही तो मांडीवरून उतरवीनात. तळहाताएवढी पाटी सगळ्यांना नकोशी झाली.

सुदंतांच्या गल्लीनेही एक मोठा फलक करून पाहिला. पण लेखणी ठेवायची खोबण त्यांनी जुन्या सवयीने निरोपपाटीलाच ठेवली. म्हणजे मोठा फलक वापरायचा, तर छोटी पाटी आधी जवळ हवी. गिऱ्हाइके हसली आणि हेमगुप्ताच्या दुकानी गेली.

अशा दिवसांत पाटला सून म्हणून या घरात आली. ती बोले कमी आणि पाही फार. सासूबाई शेजारणींना सांगत, "आमची सून गुणाची हो. तीन महिने झाले, तिचा आवाज कसा आहे ते अजून मला ठाऊक नाही."

तेवढ्यात राजाने दवंडी पिटवली. राज्यातल्या प्रत्येक पाठशाळेतल्या मुलांना राजा फलक देणार होता. सुदंत आणि हेमगुप्त या दोघांनी पौर्णिमेला आपापला नमुना दरबारात आणावा. जो पसंत पडेल त्याला काम मिळेल. काम मिळाले नाही, तर चाळीस घरांना रंधे-करवती गुंडाळून दुसरे नगर शोधावे लागणार होते.

या खेपेला गल्लीने खोबणीची चूक केली नाही. हेमगुप्तासारखाच हरताळाचा, म्हणजे एका पिवळ्या खनिजाच्या पुडीचा, लेप दिला. राजवाड्यातल्या लेखनिकांनी आठ दिवस त्यावर लिहिले, ओल्या फडक्याने पुसले आणि माना डोलावल्या. काम मिळणारच या भरवशावर सहाशे फलक तयार होऊन अंगणात ओळीने उभे राहिले. सुदंतांचा मुलगा अंकुर, म्हणजे पाटलाचा नवरा, बऱ्याच दिवसांनी शीळ घालू लागला.

पौर्णिमेला चार दिवस उरले होते. पाटलाची धाकटी नणंद कुटी, वय वर्षे सात, एक फलक घेऊन कोंबडी काढत बसली होती. कोंबडीचा पाय चुकला. कुटीने बोट जिभेला लावले, पाय पुसला. पुन्हा चुकला. पुन्हा बोट जिभेला.

"वन्सं, फडकं आहे ना शेजारी?" पाटला म्हणाली.

"फडक्याने कोण पुसतं?" कुटी म्हणाली. तिची जीभ पिवळी झाली होती.

दुपारी कुटीला उलट्या सुरू झाल्या. सासूबाई म्हणाल्या, "कच्च्या कैऱ्या खाल्ल्या असतील मेलीने." पाटलाचे वडील वैद्य होते. माहेरी हरताळाची डबी उंच फळीवर असे, आणि मुलांनी तिला हात लावायचा नाही अशी सक्त ताकीद असे. पाटलाने अंगणातले सहाशे फलक पाहिले. नवऱ्याची शीळही ऐकली. मग ती सासऱ्यांसमोर जाऊन उभी राहिली.

"मामंजी, लेपात विष आहे. मोठी माणसं फडक्याने पुसतात, त्यांना काही होत नाही. मुलं जिभेने पुसतात."

शीळ थांबली.

सुदंतांनी कुटीची पिवळी जीभ पाहिली. मग म्हणाले, "लेखनिकांना विचारलं. ज्यांच्यासाठी करतोय त्यांना विचारायचंच राहिलं." आणि त्यांनी सगळे फलक भिंतीकडे तोंड करून ठेवायला सांगितले.

अंकुर कासावीस झाला. "बाबा, निदान हे बाहेर बोलू नका. हेमगुप्ताचा लेपही हाच आहे. त्याला काम मिळू द्या. महिन्याभरात मुलं आजारी पडतील, तो बुडेल, आणि मग राजा आपल्याच दारी येईल."

"आणि तोवर मुलांनी आजारी पडून आपला धंदा चालवायचा?" सुदंत शांतपणे म्हणाले. "पाटला, चल माझ्याबरोबर. तू पाहिलंस, तूच सांग."

हेमगुप्ताने तिचे सगळे ऐकून घेतले आणि मोठ्याने हसला. "काय सुदंतराव, माल खपेना म्हणून आता सुनेला पुढे केलंत?"

सुदंत हसले नाहीत की रागावलेही नाहीत. "आमच्या निरोपपाटीचा काळा लेप कसा करतात ते सांगतो. करवंटीचा कोळसा आणि माक्याच्या पाल्याचा रस. चार दिवसांत तुमचाही नमुना होईल. दरबारात तुमच्या फलकाचं तुम्हीच सांगा, म्हणजे तुमची अब्रू राहील. तुम्ही नाही सांगितलंत, तर मला सांगावं लागेल. म्हणून आधी तुमच्याकडे आलो."

"घराण्याची विद्या फुकट वाटायला निघालात?" हेमगुप्ताने दार लावून घेतले. मात्र दार लागताना तो स्वतःच्या पिवळ्या बोटांकडे पाहत होता, हे पाटलाने पाहिले.

कुटी दोन दिवसांत बरी झाली. त्या दोन दिवसांत गल्लीने नवा फलक केला. मोठा, काळाभोर, आणि कडेला जुनी खाच. पहिली कोंबडी कुटीनेच काढली, जिभेने पुसली आणि दुपारी पोटभर जेवली.

पौर्णिमेला दरबार भरला. सुदंतांच्या घरची माणसेही मागे येऊन बसली. हेमगुप्ताने आणला तो पिवळाच फलक. सुदंत बोलायला उठणार, तोच राजाने तो मांडीवर घेतला आणि मोठ्या हौसेने आपले नाव लिहायला सुरुवात केली. वेलांटी चुकली. राजा झाला तरी लहानपणी तोही पाठशाळेतच बसला होता. त्याने वेलांटी बोटाने पुसली. पिवळे बोट ओले करायला जिभेकडे नेले.

"महाराज, नको!"

हेमगुप्ताने धाव घेऊन राजाचे मनगट धरले होते.  

"लेप विषारी आहे, महाराज. हा माणूस चार दिवसांपूर्वी माझ्या दारी हेच सांगायला आला होता. मी त्याला हसलो."

राजाने फलक खाली ठेवला. "आणि तुमचा, सुदंत?"

"आमचेही सहाशे पिवळेच होते, महाराज. भिंतीकडे तोंड करून ठेवलेत. सुनेने पाहिलं म्हणून कळलं."

राजाने काळा फलक हातात घेतला. त्याचा अंगठा आपोआप खाचेत बसला. "अशी पाटी माझ्या वडिलांच्या कमरेला असायची," तो म्हणाला. मग त्याने नाव लिहिले, वेलांटी मुद्दाम चुकवली आणि जिभेने पुसली. "जरा राखेसारखी लागते."

"कोळसा आहे, महाराज. आमच्या कुटीची काही तक्रार नाही."

राजाने काम सुदंतांना दिले. सुदंतांनी हात जोडले. "एवढ्या पाठशाळांना आमची एक गल्ली पुरी पडणार नाही. निम्मं काम हेमगुप्तांना द्यावं. लेप आम्ही शिकवू."

अंकुरचा चेहरा पाहून सासूबाईंनी त्याला कोपराने ढोसले. पाटला पदराआड हसली.

निरोपपाटीचे दिवस काही परत आले नाहीत. पण रंधे-करवती गुंडाळाव्या लागल्या नाहीत, आणि हेमगुप्ताची माणसे रोज सकाळी गल्लीत येऊन कोळसा कुटू लागली. सासूबाईंची तक्रार मात्र बदलली. "आमची सून बोलायला लागली बाई, आणि तेही खरंच बोलते."

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्खूंनो, त्या वेळचा हेमगुप्त म्हणजे वादात हरल्यावर काल ज्याने प्रतिपक्ष्याचे पाय धरले तो भिक्खू. तेव्हाचा अंकुर म्हणजे भिक्षेची वाटणी पाहून रोज कुरकुरणारा तो नवा शिकाऊ श्रामणेर. त्यालाही वेळ द्या. पाटला म्हणजे सभेत मागे बसून सगळे पाहणारी ती अबोल भिक्खुणी. आणि सुदंत म्हणजे मीच."

स्पर्धेत समोर उभ्या असलेल्याचेही भले पाहणे, हीच मैत्री पारमिता, म्हणजे पूर्णत्वाला नेलेला मैत्रीचा गुण.