थांब्यावरची शपथ

पूर्ण नाव हैबती राणोजी पाटणे. वय वर्षे अठ्ठ्याहत्तर. आजारी पत्नीला दर सोमवारी तालुक्याच्या दवाखान्यात नेण्यासाठी त्यांना जीपसाठी शेजाऱ्याची मनधरणी करावी लागे.

पर्यावरण सप्ताहानिमित्त आलेले प्रांतसाहेब ग्रामसभेत गरजले, "सरकारकडे काय बघता? बदल स्वतःपासून करा! खासगी गाड्या सोडा, एसटीने फिरा. घ्या शपथ!"

हैबतीबाबा उठले. "घेतो, साहेब, पण एसटीच्या थांब्यावर. आणि आपणही एसटीनेच परत जावे."

टाळ्या पडल्या. साहेबांनी ऐटीत मोटार माघारी धाडली, थांब्यावर शपथ दिली आणि तासभर उन्हात वाट पाहिली.

"बाबा, एसटी येते केव्हा?"

"ती दोन वर्षांपूर्वीच बंद झाली, साहेब. आम्ही आमची शपथ घेतली; आता एसटी तेवढी सरकारने सोडावी."

पुढच्या सोमवारपासून सकाळची एसटी पुन्हा सुरू झाली.